बरगंडीची बुचं आणि पातळ्या : यंदाची मोजदाद

माझ्याकडच्या बरगंडी (फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातल्या वाईन) बाटल्यांची यंदाची मोजदाद आटोपली, म्हणजे बुचाखाली वाईन किती खाली आहे ही पातळी. बाटल्या आदल्या दिवसापासून १३ अंशांवर उभ्या होत्या. मागून टॉर्च धरायचा आणि बुचाच्या खालच्या कडेपासून वाईनपर्यंत स्टीलची पट्टी लावायची. बोर्दोच्या (फ्रान्सच्याच दुसऱ्या वाईन-प्रांताच्या) बाटलीला खांदे असतात, त्यामुळे तिथे ‘खांद्याच्या वर’, ‘खांद्याच्या मध्यावर’ म्हणून भागतं. बरगंडीची बाटली मानेपासूनच उतरत जाते. खांदा नेमका कुठला म्हणायचा? म्हणून लिलावाच्या कॅटलॉगमध्येही तिची पातळी सेंटीमीटरमध्येच देतात.

दरवेळी एकाच तापमानाला मोजा, हे पुन्हा सांगतो. मानेचं आतलं तोंड साधारण १८.५ मिमी असतं, म्हणजे १ सेंटीमीटर उंचीत जेमतेम २.७ मिली वाईन. ७५० मिली वाईन १३ वरून ३० अंशांवर गेली की फुगून जवळपास ३ मिलीने वाढते. म्हणजे मे महिन्यात पुण्यात बाहेर ठेवलेली बाटली १३ अंशांच्या फ्रिजमधल्यापेक्षा सेंटीमीटरभर ‘जास्त भरलेली’ दिसते!

गळतीचं कारणही बऱ्याचदा इथेच सापडतं. माझ्या एका बाटलीच्या तळाशी ६३ मिमी असं कोरलंय: २० अंशांना वाईन काठापासून इतकी खाली असली की ७५० मिली भरते. त्यात ४९ मिमीचं बूच बसलं की हवेला उरतात १४ मिमी. काही डोमेन्स (वाईन बनवणारी घराणी) त्याहूनही वर भरतात. मग प्रवासात बाटली तापली, की आतली हवा दबते, दाब वाढतो आणि वाईन बुचाच्या कडेने वाट काढते. त्यामुळे तरुण बाटलीची पातळी अगदी बुचाला टेकलेली दिसली की मला आनंदापेक्षा काळजीच जास्त वाटते.

जुन्यांचं गणित वेगळं. तिशीच्या आसपासच्या लाल बरगंडीत बुचाखाली ३-४ सेंमी मी सहज चालवून घेतो. पिनो न्वारला (लाल बरगंडीच्या द्राक्षाला) कमी पातळी बोर्दोपेक्षा बरी सोसते, असं जुन्या बरगंडीत मुरलेले लोक सांगतात, आणि माझा अनुभवही तोच.

यावेळी उघडली १९९६ ची वोल्ने प्रीमिये क्रू (वोल्ने गावातल्या वरच्या दर्जाच्या मळ्यांची लाल वाईन), पातळी ४.५ सेंमी. कॅप्सूलखाली (बुचावरच्या आवरणाखाली) काळी बुरशी होती, पण कोरडी; ती दमट तळघराची खूण, ओल्या कापडाने पुसली. दोन पात्यांच्या ओपनरने बूच अख्खं निघालं. तळ गडद जांभळा, एका बाजूने डागाची बारीक रेघ निम्म्यापर्यंत चढून थांबलेली, वरचा भाग कोरडा आणि लवचिक. वाईन ताजी होती, १९९६ ची ती प्रसिद्ध आम्लता शाबूत.

याउलट एका २०१५ च्या झव्रे-शांबर्तँची (हीही लाल बरगंडीच) पातळी २ सेंमीच, पण कॅप्सूल चिकट, बूच मिलिमीटरभर वर आलेलं आणि डाग थेट माथ्यापर्यंत. ‘कॅप्सूल फिरते का’ या परीक्षेवर माझा फारसा भरवसा नाही. यंत्राने घट्ट दाबलेली कॅप्सूल निरोगी बाटलीवरही हलत नाही. इथे मात्र चिकटपणा आणि वर आलेलं बूच एकत्र आहेत, म्हणजे गळतीच.

पांढऱ्या बरगंडीत पातळीपेक्षा रंग बघतो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बऱ्याच बाटल्या अकाली ऑक्सिडाइझ झाल्या (हवेने बिघडल्या), त्यात बुचावरही संशय होता. डोमेन लफ्लेव तर २०१४ च्या व्हिंटेजपासून (त्या वर्षीच्या वाईनपासून) डियामकडे, म्हणजे बुचाच्या भुशापासून बनवलेल्या बुचांकडे वळलं. माझ्या पांढऱ्यांपैकी एक म्यर्सो (त्या गावची पांढरी वाईन) शेजारणींपेक्षा स्पष्ट पिवळी पडलीय. ती आणि ती झव्रे, दोन्ही पावसाळ्याआधी उघडतो.