सांगलीची गरम बासुंदी आणि कढईची खरवड

भाचीच्या तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांखालच्या ब्रिजची घुमारा देणारी घासणी, बिघडली होती म्हणून मागच्या महिन्यात नाशिकहून मिरजेला गेले. तानपुरा पोस्टाने पाठवायची माझी हिंमत नव्हती, भोपळ्याला तडा गेला तर काय करायचं, म्हणून शेजारची सीट रिकामी घेऊन मांडीवर धरल्यासारखा नेला. सतारमेकर गल्लीतल्या काकांनी तारा छेडल्या, ब्रिजला कान लावला आणि म्हणाले, "ताई, आज ठेवून जावा, उद्या संध्याकाळी न्या. घाईनं जवारी होत न्हाई." म्हणजे हातात अख्खा एक दिवस.

खरं सांगायचं तर इतक्या वर्षांत मी सांगली कधी पाहिलीच नव्हती. कोल्हापूरला किमान दहा वेळा गेले असेन. हायवेवर पेठ नाक्याला सांगलीचा फाटा दिसतो आणि गाडी सरळ पुढे निघून जाते, सगळ्यांचीच जाते. सांगली, मिरज, कुपवाड मिळून एवढी मोठी महानगरपालिका आहे, पण "सुट्टीत सांगलीला चाललोय" असं कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. हे चुकीचं आहे आणि का ते सांगते.

सकाळी गणपती मंदिर पाहिलं, काळ्या दगडाचं, आत शिरलं की चप्पल काढलेल्या पायांना गारवा लागतो. मग कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर उभी राहिले. १९२९ चा पूल आहे, आणि पावसाळ्यात अख्खी सांगली याच पुलापाशी पाणी किती फूट झालं ते बघत असते, ४० ला इशारा, ४५ ला धोका. दुपारी हळदीच्या बाजारात गेले. पोत्यांच्या थप्प्याच थप्प्या, हमालांचे हात कोपरापर्यंत पिवळे आणि तो वास! अर्ध्या तासात माझ्या ओढणीलाही लागला.

जो भेटेल तो म्हणायचा, भडंग घेऊन जा. घेतला, दोन किलो घेतला. पण गोडाचं काय हो, असं विचारलं की लोक वाडीकडे बोट दाखवायचे, नरसोबाच्या वाडीला जा, तिथली बासुंदी खा. वाडी जवळच आहे हे खरं, पण मला आता सांगलीतून हलायचंच नव्हतं.

संध्याकाळी साडेसहा-सातला हरभट रोडवर हिंडत होते आणि एका बोळाच्या तोंडाशी आटणाऱ्या दुधाचा वास आला, नुसत्या उकळीचा नाही, खमंग, तूप कढवताना शेवटी येतो ना तसा थोडासा. वासामागे गेले तर पाटी नसलेलं छोटंसं दुकान, दोन बाकडी, आणि दारातच परातीएवढ्या तोंडाची लोखंडी कढई. एक काका लांब दांड्याचं उलथणं फिरवत बसलेले.

"बसा की ताई. अजून दहा मिन्टं हाय."

दहा मिनिटांची वीस झाली आणि मला ती कमीच वाटली. काका एका हाताने तळ खरवडत होते आणि दुसऱ्या हाताने वर येणारी साय कढईच्या कडेला सारत होते, तिथे ती जरा सुकली की पुन्हा आत ढकलायची, सारखं हेच. दूध म्हशीचंच लागतं म्हणाले, गाईच्या दुधाला असा दाटपणा येत नाही. साखर अगदी शेवटी, कारण साखर पडली की आटलेलं दूध परत सैल होतं आणि मग पुन्हा आटवत बसावं लागतं. मी घरी पहिल्यापासून साखर घालत आले होते, म्हणून माझी बासुंदी कधीच दाट होत नव्हती, हे मला त्या बाकड्यावर बसून कळलं.

दुधाचं एवढं कौतुक या भागात का, तर हा जिल्हाच दुधाचा. पुण्याचे म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या चितळ्यांची डेअरी १९३९ साली सुरू झाली ती इथल्याच भिलवडीत. तलवारीसारख्या लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशी मला त्या दिवशी रस्त्यात दोनदा आडव्या आल्या.

बासुंदी आली ती स्टीलच्या वाटीत, गरम. मला आयुष्यभर थंडच माहीत होती. रंग फिकट बदामी, सायीचे पदर चमच्याला लोंबतायत, वर थोडं जायफळ, बाकी काही नाही, ना बदामकाप ना केशर. पहिला घास तोंडात ठेवला आणि गिळावासाच वाटेना. गोडी मागून येते, आधी दूध लागतं, जाड, धुरकट, आणि सायीचा पदर दाताखाली किंचित चिवट. दुसरी वाटी मी मागायच्या आधीच काकूंनी पुढे केली. "रिकामी वाटी बघवत न्हाई," म्हणाल्या.

भिंतीवर, माझ्या डोक्याच्या बऱ्याच वर, ऑईलपेंटने एक आडवी रेघ मारलेली होती. २०१९ चा पूर. तेव्हा आयर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. काकू म्हणाल्या, बाकडी वाहून गेली, कपाट गेलं, पण कढई आधीच माळ्यावर चढवली होती. "दोघांनी उचलली. आता उचलंल का न्हाई काय म्हाईत." काका काही बोलले नाहीत, उलथणं फिरवत राहिले.

पैसे देऊन उठले तर काका म्हणाले थांबा. कढई जवळजवळ रिकामी झाली होती. त्यांनी उलथण्याच्या धारेने तळ खरवडला, तांबूस करपट पापुद्रे कागदावर काढले आणि माझ्या हातावर ठेवले. ही खरवड विकत नाहीत, शेवटपर्यंत जो बसतो त्याला मिळते. चिकट, कडसर-गोड, खव्यापेक्षा खमंग. बोळातून बाहेर येईपर्यंत संपली आणि मी कागद पण चाटला.

दुसऱ्या दिवशी तानपुरा घेतला, जवारी सुरेख लागली होती, खर्ज छेडला की घुमत राहायचा. गाडी रात्रीची होती. मिरजेहून सांगली रिक्षाने काही लांब नाही. साडेसहाला मी तानपुऱ्यासकट त्याच बाकड्यावर जाऊन बसले आणि काकूंनी आतून स्वच्छ चादर आणून त्याच्यावर घातली, दुधाची वाफ लागू नये म्हणून.