जादू काढून घेतली तर काय उरतं

काल रात्री मैत्रिणीचा मेसेज आला, 'मला जादू पण हवी आणि लव्हस्टोरी पण हवी, एक पुस्तक सांग, एकच.' आता मला एकच सांग म्हणणं म्हणजे छळच आहे. साडेअकराला टाइप करायला बसले, सात नावं लिहिली, पाच खोडली, परत तीन घातली, पावणेएक वाजला तेव्हा 'उद्या सांगते' एवढंच पाठवून फोन पालथा ठेवला. झोप कसली येतेय मग.

पडल्या पडल्या डोक्यात आलं की मी पुस्तकं निवडते तरी कशी. तर माझी एक कसोटी आहे, आधी कधी शब्दांत मांडली नव्हती. गोष्टीतली जादू काढून घ्यायची आणि बघायचं की लव्हस्टोरी तशीच्या तशी उभी राहते का. राहिली तर मला कंटाळा येतो. राजवाडा, तलवारी, टोकदार कान सगळं बाजूला केल्यावर उरतं काय तर हँडसम खडूस बॉस आणि नवीन जॉइन झालेली मुलगी, मग ते ऑफिसातच घडवायचं ना, बिचाऱ्या ड्रॅगनला कशाला राबवता.

'अपरूटेड' या कसोटीला मस्त उतरतं. नेओमी नोविकचं, २०१५ मधलं, त्याला नेब्युला पुरस्कार पण मिळाला. दर दहा वर्षांनी खोऱ्यातली एक मुलगी आपल्या मनोऱ्यात नेणारा जादूगार, त्याला सगळे ड्रॅगन म्हणतात (माणूसच आहे, मी कितीतरी पानं पंखांची वाट बघत होते, तुम्ही बघू नका). सगळ्यांना वाटत असतं तो कासियाला नेणार, आणि नेतो तिच्या वेंधळ्या मैत्रिणीला, अग्निएश्काला. त्याचं सगळं रेखीव, मंत्रातलं एक अक्षर इकडचं तिकडे नाही, आणि हिचे कपडे दिवस संपेपर्यंत मळलेले फाटलेले, मंत्र पण ही गाणं गुणगुणल्यासारखी म्हणणार. त्याची नुसती चिडचिड. मग एकदा दोघं मिळून गुलाबाचा आभास तयार करायला बसतात आणि दोघांची जादू एकमेकीत मिसळायला लागते, हात सोडा पण नजर भिडवायची पण चोरी होऊन बसते. बस, तो गुलाब मला शंभर चुंबनांपेक्षा भारी वाटला. तक्रार एकच, तो खेकसतो फार, आणि खरं सांगायचं तर अग्निएश्का-कासियाची मैत्री त्या प्रेमाला कुठल्या कुठे मागे टाकते.

'डॉटर ऑफ द फॉरेस्ट' पण उतरतं, ज्युलिएट मॅरिलियर, १९९९. शापाने सोरशाच्या सहा भावांचे हंस झालेत आणि तो शाप उतरवायचा तर तिने काटेरी झुडपाच्या धाग्यांचे सहा सदरे पुरे करेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. हात सुजलेले, बोटं सोललेली. तिच्या प्रेमात पडणाऱ्या माणसाला ती स्वतःचं नाव पण सांगू शकत नाही, तरी तो तिला हळूहळू ओळखत जातो. पण इथे माझ्याकडून एक चूक झालेली आहे. हे पुस्तक मी एकीला 'सुंदर परीकथा आहे गं' म्हणून दिलं आणि त्यात सोरशावर अत्याचार होतो तो प्रसंग आहे हे सांगायचं साफ विसरले, ती तेव्हा आधीच वाईट दिवसांतून जात होती. तिने पुस्तक परत केलं, काही बोलली नाही. तेव्हापासून मी आवडलं म्हणायच्या आधी आत काय आहे ते सांगते.

हलकंफुलकं हवं असेल तर टी. किंगफिशरचं 'स्वोर्डहार्ट'. छत्तिशीची विधवा हॅला, म्हाताऱ्या नातेवाइकाची इस्टेट हिच्या नावावर झाली म्हणून सासरच्यांनी खोलीत कोंडलेली, भिंतीवरची तलवार उपसते तर त्यातून योद्धाच बाहेर येतो. तलवार म्यानात गेली की हा गायब! हॅलाचं तोंड एक मिनिट बंद नसतं आणि प्रश्न विचारून विचारून ती भल्याभल्यांना गार करते. मोठ्या वयाची नायिका आवडत असेल तर लोइस मॅकमास्टर बुजोल्डचं 'पॅलडिन ऑफ सोल्स' पण घ्या, त्यातली इस्टा चाळिशीची आहे, आई आहे, लोक तिला वेडी समजतात आणि देव काही तिचा पिच्छा सोडत नाहीत. प्रेम त्यात चिमूटभरच.

आणि हो, 'फोर्थ विंग'. २०२३ मध्ये जो तो तेच वाचत होता म्हणून मी मुद्दाम वाचत नव्हते, शेवटी नाक मुरडत उघडलं आणि पहाटे तीनला मिटलं. गंमत म्हणजे माझ्याच कसोटीला ते उतरतं, नायिकेचा ड्रॅगन आणि नायकाची ड्रॅगन यांची जोडी असते म्हणून त्यांच्यावर बसणाऱ्या या दोघांना एकमेकांपासून लांब राहताच येत नाही. भाषा यथातथा आहे. पण तीन वाजले हेही खरंच.

एवढं सगळं झाल्यावर मैत्रिणीला पाठवलं काय तर 'हाउल्स मूव्हिंग कॅसल', डायना विन जोन्स, १९८६. सिनेमा बघितला असला तरी वाचा, बरंच वेगळं आहे. सोफी तिघींतली थोरली, म्हणून आपल्या नशिबात काही नाही असं तिने ठरवूनच टाकलेलं, दुकानात बसून टोप्यांशी गप्पा मारते. शापाने म्हातारी होते आणि एकदम फटकळ होते, कारण म्हातारीला कोण काय बोलणार! त्या फटकळपणामुळेच ती जादूगार हाउलसमोर टिकते. आणि हाउल म्हणजे काय, केसांचा रंग बिघडला म्हणून अंगातून हिरवा चिकट चिखल गाळत बसणारा हिरो, आणि सोफी ते साफ करतेय.

आज दुपारी तिचा मेसेज आला, चाळीस पानं झालीत, चुलीतला आगीचा राक्षस कॅल्सिफर फार आवडला, पण यात हिरो कोण, हा नाटक्या का?

मी 'पुढे वाच' एवढंच लिहिलं.