आम्ही लावलेली बेशरम

निफाडचा पारा खाली गेला की पेपरवाल्यांना बातमी मिळते आणि आम्हाला नांदूर मधमेश्वरचं पक्षी अभयारण्य आठवतं. यंदा जानेवारीत पहाटे साडेपाचला नाशकातून निघालो, चांदोरीला वळून सायखेड्यावरून चापडगावला. धुकं एवढं की द्राक्षबागा दिसायच्या आधी औषधाचा वास यायचा.

तसं बघायला गेलं तर मला पक्ष्यांपेक्षा एका झुडपाचं, बेशरमचं, काय झालं ते बघायचं होतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही वीसेक जण इथे श्रमदानाला आलो होतो, टोप्या, हातमोजे, कोयते, सगळा थाट. बेशरम काढायची. तिथल्याच एका पोराने सांगितलं होतं की दादा, मुळासकट उपटा, पण उन्हात उपटतंय कोण, आम्ही सपासप गुडघ्यापासून तोडली, ढीग पाण्याच्या कडेलाच टाकला आणि फोटो काढून घरी. वर पाणकणीसही साफ केलं, ते आम्हाला गवतच वाटलं.

तोच पोरगा यावेळी गाईड म्हणून भेटला. पक्षी बघायच्या मनोऱ्याकडे न जाता आधी मला कडेला घेऊन गेला. "हा तुमचा ढीग." ढीग कसला, चांगली डोक्याएवढी जाळी झाली होती, वर फिकट जांभळी फुलं. बेशरमच्या कांडीला ओल मिळाली की तिथेच मुळं फुटतात, म्हणजे आम्ही श्रमदान करून लागवड केली होती! आता हे लोक मुळापासून काढतात आणि लांब कोरड्या खडकावर पसरून पार वाळवतात.

पाणकणसाचं ऐकून तर जास्तच लाज वाटली. जांभळी पाणकोंबडी पावसाळ्यात त्याच्यातच घरटं करते. ते आता परत वाढलंय, आणि आम्ही उभे असताना त्यातून एक बाहेर आली, लाल चोच, लांब लाल पाय, एका पायात कोवळा कोंब धरून माणसासारखी खात होती.

इथली गंमत अशी की ही जागाच माणसाच्या कामातून झालीय. गोदावरी आणि कादवाच्या संगमावर इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला तो शेतीसाठी, मागे गाळ साचत गेला, बेटं, दलदल झाली आणि पक्षी आले. 1986 ला अभयारण्य, 2020 ला राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आता तोच गाळ वाढून पाणी उथळ होतंय, वरून शहराचं सांडपाणी आणि त्याच्यावर पोसलेल्या पानवेली, म्हणजे जलपर्णी. त्या पानवेली दाट झाल्या की खाली उजेडच जात नाही, पाणवनस्पती मरतात, मग बदकांनी खायचं काय?

ऊन वर आल्यावर दुर्बीण लावली. वारकरी पक्ष्यांची दिंडी, काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून ते नाव. हळदी-कुंकू बदकं, शेकाटे, चमचे पक्षी. शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटून पाणी उतरलं होतं तिथे चिखलात नुसती लगबग, मध्येच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला आणि सगळं आकाश उठलं.

निघताना मी म्हटलं, मे मध्ये परत श्रमदानाला येऊ का? पोरगा हसला, "या ना दादा, पण कोयते घरी ठेवून. कुदळी आणा."