प्युअर डेटात एक पट्टी दाबली की सगळेच सूर सरकतात तेव्हा

दादरला तालीम चालू असलेल्या एका प्रायोगिक नाटकासाठी पेटीसारखा वाजणारा आठ व्हॉइसचा, म्हणजे एका वेळी आठ सूर वाजवणारा पॅच मी प्युअर डेटात (पीडी: पडद्यावर खोके तारांनी जोडून आवाज घडवायचं सॉफ्टवेअर; अशी जुळणी म्हणजे पॅच) केला. नोट-इन (कीबोर्डचे सूर आत घेतो), पॉली (प्रत्येक सुराला व्हॉइसचा क्रमांक देतो), पॅक (आकडे एकत्र बांधतो), क्लोन (व्हॉइसच्या पॅचच्या हव्या तितक्या प्रती करतो) ही साखळी भराभर जुळते. वेळ खाल्ला तो एकाच लक्षणाने. त्याचा राग अजून आहे, कारण त्याबद्दल कन्सोलमध्ये एक अक्षरही उमटत नाही.

सा धरून ठेवा आणि प दाबा. सा जागा सोडतो, दोन्ही व्हॉइस पंचमावर जातात, आवाज नुसता जाड होतो. बहुतेक जण इथे पॉलीलाच धरतात. पॅकखाली प्रिंट (आलेले आकडे कन्सोलमध्ये दाखवणारा खोका) लावून बघा. पहिला आकडा १, मग २ असा वेगळा येत असेल तर पॉलीचं काम चोख आहे, घोळ व्हॉइसच्या आत आहे. तिथल्या सेंड-रिसीव्हचं (तारेशिवाय नावावरून निरोप पाठवणाऱ्या-घेणाऱ्या जोडीचं) नाव नुसतं ‘सूर’ असेल तर ते अख्ख्या पीडीत सामाईक असतं, आठही प्रती तेच ऐकतात. नावाआधी डॉलर-शून्य ($0) आणि हायफन लावा. प्रत्येक प्रतीत डॉलर-शून्यच्या जागी वेगळा आकडा बसतो.

एवढ्यावर भागायला हवं, पण भागत नाही. एन्व्हलप (सुराचा चढ-उतार ठरवणारा भाग) अ‍ॅब्स्ट्रॅक्शन, म्हणजे वेगळ्या फाइलमधला पॅच, असेल तर आता सगळंच गप्प होतं. त्या आतल्या अ‍ॅब्स्ट्रॅक्शनला स्वतःचा डॉलर-शून्य मिळतो, म्हणून पट्टी दाबल्याचा निरोप नेणारं बाहेरचं ‘गेट’ आणि आतलं ‘गेट’ एकमेकांना ओळखत नाहीत. व्हॉइसमध्ये एन्व्हलपच्या नावापुढे डॉलर-शून्य अर्ग्युमेंट (खोक्यात नावापुढे लिहिलेली किंमत) म्हणून द्या आणि एन्व्हलपच्या आत रिसीव्हला डॉलर-एक (पहिलं अर्ग्युमेंट) लावा. सबपॅचला (त्याच फाइलमधल्या आतल्या पॅचला) हे लागत नाही, त्याचा डॉलर-शून्य बाहेरचाच असतो. मेसेज बॉक्समध्ये मात्र डॉलर-शून्य लिहू नका. तिथे तो चक्क शून्य होतो. आकडा फ्लोट ऑब्जेक्टमधून आणून मेसेजमध्ये डॉलर-एक म्हणून घ्यावा लागतो.

क्लोनची एखादी प्रत उघडून बघायची तर त्याला ‘विस ३ १’ (vis 3 1: ३ क्रमांकाची प्रत उघड) हा मेसेज द्या. हे आधी माहीत असेल तर शोधाशोध निम्मी होते.

एकेक सूर वाजवताना दर आठवा गायब होत असेल तर कारण आकड्यांत आहे: पॉली १ पासून मोजतो, क्लोन ० पासून. क्लोनला ‘-एस १’ (-s 1: मोजणी १ पासून) द्या. इथे कन्सोल निदान तक्रार तरी करतो.

सूर अडकून राहिला म्हणून लॅमिंग्टन रोडला (मुंबईचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार) नवा कीबोर्ड घ्यायला जाऊ नका. नोट-ऑफ (पट्टी सोडल्याचा निरोप) कसाही आला तरी नोट-इन व्हेलॉसिटी (पट्टी दाबल्याचा जोर) ० च देतो. पॉलीच्या आधी स्ट्रिपनोट बसलेला नाही ना, ते बघा. तो शून्यच गाळतो.

पट्टी सोडली की पॉली तो व्हॉइस मोकळा धरतो, रिलीजची (पट्टी सोडल्यावर विरत जाणाऱ्या आवाजाची) शेपूट वाजत असली तरी. सर्वांत आधी मोकळा झालेला व्हॉइस तो आधी उचलतो, म्हणून रिलीज २ सेकंदांचा असेल तर ८ ऐवजी १६ व्हॉइस द्या. पॉलीचं दुसरं अर्ग्युमेंट १ असेल तर सगळे व्हॉइस व्यस्त असताना वाजता व्हॉइस नव्या सुरासाठी चोरला जातो आणि टक् असा आवाज येतो. व्ही-लाइनने (पातळी हळूहळू बदलणारा खोका) ५ मिलिसेकंदांत शून्यावर या, सूर त्यानंतर बदला.

आणि क्लोन सगळ्या प्रतींचे सिग्नल बेरीज करून देतो. १ पातळीचे आठ सूर एकत्र ८ पर्यंत जातात, डॅकला (आवाज स्पीकरकडे पाठवणारा खोका) १ च्या वरचं कापावं लागतं. म्हणून बेरजेला ०.१२५ ने (१/८) गुणा. १६ व्हॉइस केलेत तर गुणक ०.१२५ वरून ०.०६२५ वर आणा.