तुम्ही विचारलेत म्हणून: सात-एकच्या त्या चार मिनिटांबद्दल

30 सप्टेंबर 2023 रोजी हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारताने पाकिस्तानला 10-2 असे हरवले, तेव्हा आमच्या घरात जमलेल्या दहा-बारा माणसांत शेवटची वीस मिनिटे गप्प बसलेला मी एकटाच होतो. तेव्हापासून भेटणारा प्रत्येक जण विचारतो, की आयुष्यभर हॉकी-हॉकी करणाऱ्या माणसाला त्या दिवशी आनंद का झाला नाही. काहींच्या विचारण्यात देशप्रेमाबद्दलची शंकाही असते आणि ती मला लागते. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आनंद झाला होता. मध्यंतराला आपण 4-0 ने पुढे होतो आणि हरमनप्रीत ज्या सहजतेने गोल करत होता ते पाहून माझे हात थरथरत होते. एक्केचाळिसाव्या मिनिटाला वरुण कुमारने गोल केला आणि फलकावर 7-1 ही अक्षरे उमटली, तेव्हा मी खुर्चीतून उठून ओरडलो. इतके मोठ्याने की शेजारच्या काकू विचारायला आल्या. पाकिस्तानचा दुसरा गोल पंचेचाळिसाव्या मिनिटाला झाला, म्हणजे ती अक्षरे सामन्याची चार मिनिटे तिथे होती. माझे गप्प होणे त्या चार मिनिटांतले आहे.

1 डिसेंबर 1982 रोजी दिल्लीच्या आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानकडून याच आकड्यांनी आपण हरलो होतो. मी अकरा वर्षांचा होतो. खडकीतल्या आमच्या चाळीत एकाच घरी दूरचित्रवाणी संच होता, तोही कृष्णधवल, आणि त्या खोलीत उंबरठ्यापर्यंत माणसे दाटीवाटीने बसली होती. पहिला गोल आपण केला आणि नंतर सात खाल्ले. सामना संपल्यावर कोणीतरी म्हणाले, गोलकीपर विकला गेला. आपले गोलकीपर मीर रंजन नेगी यांच्याविरुद्ध एकही पुरावा कधी पुढे आला नाही, पण त्या संध्याकाळी पुरावा कोणालाच नको होता. जिन्यावरून उतरताना मी तेच वाक्य घोषणेसारखे ओरडत गेलो, चाळीतली इतर मुले मागून ओरडू लागली आणि ते वडिलांनी ऐकले. वडील कारखान्याच्या संघाचे गोलकीपर होते. त्या रात्री ते मला एक शब्दही बोलले नाहीत.

रविवारी पहाटे त्यांनी मला उठवले आणि मैदानावर नेले. थंडी होती, मुरूम ओलसर होता. त्यांनी आपले वेताच्या काड्यांचे पॅड माझ्या पायांना बांधले. ते माझ्या मांड्यांच्याही वर येत होते आणि त्यांच्या पट्ट्यांना जुन्या घामाचा वास होता. समोर संघातले त्यांचे तीन सहकारी उभे होते. माझ्यापुढे एकही बचावपटू नव्हता. ते चेंडू पुश करत आले, जोराने कोणीच मारला नाही, तरी मी एकाकडे धावलो की चेंडू दुसऱ्याकडे गेलेला असे आणि मागे गोलच्या फळीवर खट्ट असा आवाज येई. दर आवाजाला वडील बाजूला उभे राहून मोठ्याने आकडा म्हणत. चौथ्यानंतर मी रडू लागलो. ते थांबले नाहीत. सात झाल्यावर ते जवळ आले, खाली बसून पट्टे सोडू लागले आणि म्हणाले, "मोजलेस ना? आता सांग, तुला कोणी विकत घेतलं होतं?"

अकरा वर्षांच्या मुलाला असे शिकवावे का, याबद्दल आजही माझे त्यांच्याशी भांडण आहे. पण तो खट्ट आवाज गेला नाही. नेगी अनेक वर्षे खेळापासून दूर राहिले आणि 1998 च्या बँकॉक आशियाई खेळांत गोलकीपरांचे प्रशिक्षक म्हणून परतले. धनराज पिल्लेच्या, म्हणजे आमच्या खडकीच्या मुलाच्या, नेतृत्वाखाली आपण तिथे बत्तीस वर्षांनी सुवर्णपदक जिंकले. तेव्हा मला वाटले होते, की हा हिशेब मिटला.

तो मिटलेला नव्हता, हे हांगझोऊत कळले. मला सात गोल हवे होते, अगदी तेवढेच आणि त्यांच्यावरच, आणि ते मिळाल्यावर माझे लक्ष पाकिस्तानच्या गोलकीपरकडे गेले. त्याच्या पुढचे बचावपटू गोल करायला वर गेलेले होते आणि आपले तिघे-तिघे मोकळ्या जागेतून त्याच्यावर येत होते. आठवा, नववा आणि दहावा गोल मी पाहिला, असे म्हणता येणार नाही. मी ते ऐकले.

मग आपण थांबायला हवे होते का? मुळीच नाही. समोरच्याची कीव करून संथ खेळणे हा त्याचा अपमानच असतो आणि वडील असते तर त्यांनी हेच सांगितले असते. शिवाय चौदाच महिन्यांपूर्वी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने आपल्याला 0-7 ने हरवले, तेव्हा आपल्यासाठी कोणी थांबले नव्हते. पण जो संघ चार विश्वचषक जिंकला आणि नंतर रिओ व टोकियो अशा सलग दोन ऑलिंपिकांना पात्रही ठरला नाही, त्याच्यावरच्या सात गोलांनी 1982 चे सात गोल फिटतात, असे मला म्हणवत नाही. आमच्या खोलीत मात्र सगळे तेच म्हणत होते आणि एक्केचाळिसाव्या मिनिटापर्यंत मीही त्यांच्यातलाच होतो.

त्या सामन्याचे चित्रीकरण मी नंतर दोनदा पाहिले. दोन्ही वेळा, पुढे काय होणार हे ठाऊक असूनही, सातव्या गोलाला मी उठून उभा राहिलो आणि आठव्याच्या आधी आवाज बंद केला.