२२ चे ५१ कसे झाले : ड्रायव्हिंग टेस्टच्या खर्चाचा माझा हिशेब

वहीच्या पहिल्या पानावर दोनच ओळी होत्या : गाडी शिकण्याचे २० तास आणि टेस्टची फी. फी साधारण २ तासांच्या क्लासइतकी होती, म्हणून खाली बेरीज मांडली, २२. तेवढे पैसे जमत आले होते आणि मी खुशीत होते.

हिशेब तासांत लिहिण्याचं कारण सांगते. फी आणि क्लासचे दर जागोजागी वेगळे असतात, वरचेवर बदलतातही. पण आपल्याकडे तासाभराच्या क्लासला किती पडतात हे एका फोनवर कळतं, आणि बाकीचा खर्च त्याच मापाने मोजला की आपल्याला झेपेल का, याचा अंदाज चटकन येतो. मी अगदी पहिल्या दिवसापासून असंच लिहीत गेले.

लर्निंग लायसन्स, लेखी परीक्षा, फोटो, डोळ्यांची तपासणी या सगळ्याचे मिळून २ तास गेले. ही रक्कम मी धरलेलीच नव्हती, पण तिने फार काही बिघडलं नाही.

बिघडलं ते पुढे. १२ तास झाले आणि माझे पैसे संपले. पुढचा पगार झाला की पुन्हा सुरू करू म्हणत क्लास थांबवला. घरात अडचणी आल्या आणि मध्ये ६ आठवडे गेले. परत सीटवर बसले तेव्हा क्लच सोडताना पायाला काही आठवेना. गाडी सुरू करायची, क्लच हळूहळू वर घ्यायचा, इंजिनाचा आवाज जरा जड होतो आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटतं, तिथे पाय थांबवायचा. हे मला आधी छान जमत होतं. आता चौकाचौकात गाडी बंद पडायला लागली. आधीचंच पुन्हा शिकण्यात ४ तास गेले. त्या ४ तासांत मी एकही नवी गोष्ट शिकले नाही, पैसे मात्र पूर्ण द्यावे लागले.

म्हणून माझं आता ठाम मत आहे की निदान तीन चतुर्थांश पैसे हातात आल्याशिवाय क्लास सुरूच करू नये. दोन-तीन महिने उशीर झाला तरी चालेल. एकदा सुरू केलं की आठवड्यातून दोन-तीनदा, खंड न पाडता. शिकाऊ लायसन्सला मुदत असते, त्यामुळे तेही आधी काढून ठेवू नये. पैसे जमवण्याच्या काळात त्याची मुदत संपत राहते.

सर म्हणाले, "टेस्टच्या आधी ३ तास फक्त टेस्टसारखं चालवून बघा. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही." ते मी घेतले आणि ते पैसे वसूल झाले असं मनापासून वाटतं. कोणी न सांगता आरसा बघायचा, सिग्नल द्यायचा, वेग कमी करायचा, हे सर शेजारी बोलत असताना आपल्याला येतंय असं नुसतं वाटत असतं. असे क्लासचे एकूण २७ तास झाले.

टेस्टच्या दिवसाचा खर्च मात्र मला कोणीच सांगितला नव्हता. फी फक्त परीक्षेची. गाडी आपण न्यायची, आणि क्लासची गाडी वापरली की तिचे पैसे वेगळे : आधी तासभर हात बसवायला, मग टेस्टचा वेळ, मग परत येईपर्यंत. हे ३ तास. शिवाय मी रोजंदारीवर, टेस्ट कामाच्या दिवशी, त्यामुळे एक दिवसाची कमाई बुडाली. ती ४ तासांइतकी होती. सुट्टी भरपगारी असेल तर ही ओळ गाळा, पण माझ्यासारखी परिस्थिती असेल तर ती फीच्याही वर लिहा.

आणि त्या दिवशी गाडीच बदलली. जिच्यावर शिकले ती दुरुस्तीला गेली होती, हे मला सकाळी कळलं. कंपनी तीच, मॉडेल तेच, पण क्लच पार वर उचलत होता. ओळखीच्या गाडीत पाय अर्ध्यावर आला की ओढ लागायची, इथे पाय जवळजवळ पूर्ण सुटेपर्यंत काही होत नव्हतं. सपाट रस्त्यावर निभावलं. चढावर थांबून पुन्हा निघायचं होतं, तिथे क्लच पकडायच्या आधीच मी हँडब्रेक सोडला आणि गाडी मागे घसरली. परीक्षकांनी लगेच ब्रेक दाबला. टेस्ट तिथेच संपल्यात जमा होती.

घसरण्याच्या त्या क्षणी डोक्यात काय होतं ते मला स्पष्ट आठवतं. फेल झाले तर पुन्हा पैसे कुठून आणायचे, हा विचार. माझ्याकडे त्या दिवशी दुसऱ्या प्रयत्नासाठी काहीही शिल्लक नव्हतं. २७, २, २, ३, ४ असे ३८ तास संपले होते.

फेल झाल्यावर फी परत मिळत नाही. कागदपत्रं अपुरी असली किंवा गाडीचा ब्रेकलाइट लागत नसला म्हणून टेस्ट न घेता परत पाठवलं, तरी ती बहुधा बुडतेच. म्हणून दुसऱ्या वेळी मी आदल्या रात्री सगळे कागद एका फोल्डरमध्ये लावले, प्रत्येकाची मुदत वाचली. याला पैसे पडत नाहीत.

नवीन तारीख मात्र लगेच घेतली नाही. आधी मोजलं : ४ तास सराव, २ फी, ३ गाडी, ४ बुडालेली कमाई. एका प्रयत्नाचे १३. मग ठरवलं, दोन प्रयत्नांचे पैसे जमल्याशिवाय तारीख घ्यायची नाही. दोन पाकिटं केली, एकावर "दुसरी", दुसऱ्यावर "तिसरी" लिहिलं. सव्वादोन महिने लागले. हाताची सवय मोडू नये म्हणून त्या काळात ताईच्या गाडीवर सराव केला. ताई शेजारी बसायची. त्याआधी तिने विमा कंपनीला विचारून शिकाऊ माणसाने चालवलेलं विम्यात बसतं याची खात्री करून घेतली. ते न विचारता कुणाच्याही गाडीवर बसू नका, एका धडकेत सगळा हिशेब उधळतो.

ताई एकदा म्हणाली, "ऑटोमॅटिकवर दे ना, क्लचची कटकटच नाही." तास कमी लागले असते, हे खरं. पण बऱ्याच देशांत ऑटोमॅटिकवर पास झालात तर लायसन्सही तेवढ्यापुरतंच मिळतं, आणि मला कामासाठी गिअरची गाडी चालवायची होती. तुमचं काम तसं नसेल तर हा पर्याय जरूर मोजून बघा.

दुसऱ्या टेस्टला गाडी कुठली मिळणार हे मी दोन दिवस आधी पक्कं करून घेतलं आणि चारही तास त्याच गाडीवर केले. त्यातला एक अख्खा चढावर. टेस्टमध्ये चढ आला तेव्हा हँडब्रेक तसाच ठेवला, क्लच वर घेतला, बॉनेट उचललेलं दिसलं, मग ब्रेक सोडला. गाडी इंचभरही मागे आली नाही. "तिसरी" लिहिलेलं पाकीट घरी कपाटात होतं, आणि पूर्ण टेस्टभर पैशांचा विचार एकदाही आला नाही.

३८ आणि १३, एकूण ५१. पास झाल्यावर कपाटातल्या पाकिटातले ३ तास मी सरांकडेच खर्च केले, एक रात्री आणि दोन पावसात, कारण टेस्ट दिवसाढवळ्या कोरड्या रस्त्यावर झाली होती. उरलेले १० पहिल्या वर्षाच्या विम्याला लागले.