आगाराची तक्रार वही

सोमवार, रात्री

कुठल्याशा वर्कशीटवर आज विषय होता : 'कल्पना करा, तुम्ही ढग आहात.' दादानं, म्हणजे माझ्या मोठ्या मुलानं, वाचलं, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला, "पण मी नाहीये." तास संपला.

मला हसू आलं आणि त्याचं पटलंही. नऊ वर्षांच्या मुलानं ढग का व्हावं? आम्हीही शाळेत फाटक्या पुस्तकाची आणि मोडक्या खुर्चीची आत्मवृत्तं लिहिली. सगळ्यांच्या खुर्च्या शेवटी रडायच्या आणि सगळ्यांना दहापैकी सात मिळायचे. मुलांना घरी शिकवायचं ठरवलं तरी तेच विषय रंगीत प्रिंटआउट होऊन मागच्या दारानं येतात.

बोलायला लागला की हाच मुलगा थांबत नाही. विषय एकच, एसटी. साधी लालपरी, शिवशाही आणि शिवनेरी नुसत्या आवाजावरून ओळखता येतात म्हणे. पहिली एसटी १ जून १९४८ रोजी नगरहून पुण्याला आली आणि ती लाकडी बॉडीची होती, हे पाहुण्यांच्या हातात चहा पडायच्या आत सांगून झालेलं असतं. यातलं कागदावर मात्र काहीच उतरत नाही. वही काढली की तहान लागते, मग पेन्सिलीला टोक काढायचं असतं, मग ते टोक मोडतं.

मंगळवार

आज वहीच काढली नाही. मोबाइलवर रेकॉर्डर लावला आणि म्हटलं, १९४८ च्या त्या गाडीत तू बसला आहेस, सांग.

त्यानं सुपे, शिरूर, लोणीकंद अशी गावं घेत गाडी आणली. मध्ये एक आजोबा कोंबडी घेऊन चढले. कोंबडीचं तिकीट काढायचं की नाही यावर शिरूरपर्यंत भांडण, मग कोंबडीनं सीटखाली अंडं घातलं आणि वाद वाढला, कारण आता प्रवासी दोन झाले. चांगली दहा मिनिटं चाललं. दुपारी मी ते ऐकत जसंच्या तसं उतरवून काढलं आणि प्रिंट त्याच्या हातात दिली. एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. मग स्वतःहून पेन्सिल घेऊन 'कोंबडी म्हणाली' खोडलं आणि वर 'कोंबडी ओरडली' केलं. "कोंबडी बोलत नाही आई. ही खरी गोष्ट आहे."

लिहिणं म्हणजे दोन कामं एकदम. डोक्यातलं वाक्य धरून ठेवायचं आणि हातानं अक्षर काढायचं. एकट्या 'स्वारगेट'मध्ये अर्धा स, त्याला जोडून व, काना, मात्रा, एवढं सगळं आहे. हात तिथे पोचेपर्यंत डोक्यातली गाडी पुढच्या थांब्यावर गेलेली असते. म्हणून काही दिवस रचायचं काम त्याचं, हमालीचं माझं. अक्षराचा सराव वेगळ्या वेळी. दोन्ही एकाच वहीत कोंबायचं काही कारण नाही.

मात्र एक पथ्य पाळायला हवं. मुलानं सांगितलेलं आपण सुधारून लिहायचं नाही. धाकटी चिऊ सहाच वर्षांची आहे, पण परवा मी तिच्या गोष्टीत एक 'आणि' जास्तीचा घातला तर लगेच म्हणाली, "मी असं नाही म्हटलं." खोडायला लावला.

गुरुवार

घराचं आगार झालं आहे.

सुरुवात पाट्यांपासून झाली. मागच्या आठवड्यात सदाशिव पेठेतून येताना आम्ही पाट्या वाचत आलो होतो. गाडी लावू नये, बेल एकदाच वाजवावी, दुपारी झोपमोड करू नये, पत्ता विचारू नये. चिऊला वाटलं ही सगळी माणसं एकमेकांवर रागावलेली आहेत. दादा म्हणाला, आपणही लावू, पण एसटीच्या. लेखनाचा इतका चांगला धडा मला तरी शोधून सापडला नसता. पाटी छोटी असते, कुणीतरी वाचणार हे नक्की असतं, आणि एक शब्द जास्त झाला तर मावत नाही.

सकाळपासून पुठ्ठे कापणं चालू होतं. स्वयंपाकघराच्या दारावर 'गच्ची, मार्गे जिना, विनाथांबा'. सोफ्यावर 'ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव', म्हणजे आजी. फ्रिजवर 'हात दाखवा, गाडी थांबवा', कारण चिऊ त्याच्यासमोरून पन्नास वेळा जाते. बाथरूमच्या दाराला आतून लावलंय 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग'. ते वाचून सकाळी नवरा आतच हसत बसला आणि त्याला ऑफिसला उशीर झाला.

'संकटकाळी' लिहिताना दादा स्वतःहून विचारायला आला, वेलांटी पहिली की दुसरी? मी काही बोलायच्या आत आजींनी देवपूजा करता करता सांगितलं, शब्दाच्या शेवटी आली की दुसरी, 'आणि' नि 'नि' सोडून. हा नियम मी त्याला आधीही शिकवला होता. तेव्हा त्याला तो नको होता, आज पाटी चुकली तर बाबा हसतील म्हणून हवा होता.

शुक्रवार

तक्रार वही सुरू झाली. कल्पना आजींची. म्हणाल्या, आगार म्हटलं की तक्रार वही हवीच, आणि मागितली की ती द्यायलाच हवी. देवघराच्या कट्ट्यावर जुन्या डायरीला दोरी बांधून पेन अडकवलं आहे. आगार व्यवस्थापक अर्थातच आजी.

दादाची पहिली नोंद इथे जशीच्या तशी उतरवते, शुद्धलेखनासकट :

'काल रात्री ८ ची बेडरुम गाडी वेळेच्या आधी सोडली. प्रवाशी पुस्तक वाचत होता. त्याला ओढून बसवले. वाहक (आई) उध्दट बोलल्या. भरपाई म्हणुन एक आंबावडी मीळावी.'

त्याखाली आजींचं बारीक, तिरकं अक्षर :

'आपली तक्रार प्राप्त झाली. संबंधित वाहकास समज देण्यात आली आहे. निधीअभावी अर्धी वडी मंजूर करण्यात येत आहे. कळावे.'

संध्याकाळी पुढची नोंद, 'अर्धी वडी मीळाली पण ती लहान अर्धी होती.'

ज्या मुलाकडून महिनाभर चार ओळी निघत नव्हत्या, त्यानं आज पानभर लिहिलं. मी त्याला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. घरी शिकणाऱ्या मुलांची ही एक अडचण आहे, फार कुणी बोलत नाही तिच्याबद्दल. शाळेत निदान बाकावरचा शेजारी डोकावून बघतो, वर्गात वाचून दाखवलं तर चाळीस जण हसतात. घरी वाचणारी एकटी मी, तपासणारीही मीच, आणि जेवायला वाढणारीही मीच. मला जे आधीच माहीत आहे ते त्यानं मलाच लिहून का दाखवावं? आजींना मात्र तो जे लिहितो त्याला उत्तर द्यावं लागतं. तेही सरकारी भाषेत.

शनिवार

चिऊच्या बाहुलीचं लग्न ठरलंय. नवरदेव दादाचा जुना लाकडी हत्ती. पत्रिका हवी म्हणाली, म्हणून कपाटातल्या जुन्या लग्नपत्रिका काढून दिल्या. तिनं सांगायचं, मी लिहायचं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' ठेवलं, कारण ते ऐकायला गोड वाटतं म्हणे. मुहूर्त 'दूध पिऊन झाल्यावर'. स्थळ 'खाटेखाली'. खाली कोपऱ्यात 'माझ्या मावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं', निमंत्रक एक टोपी नसलेला स्केचपेन. 'आहेर आणू नये' ही ओळ तिनं ऐकली आणि ठाम नकार दिला. तिथे 'आहेर आणावा' आहे.

तयार साच्यात मुलं किती मोकळी होतात, हे बघण्यासारखं आहे. कोऱ्या पानापुढे बसवून 'मनातलं काहीही लिही' म्हटलं की त्यांचं मन रिकामं होतं. पत्रिका, पाटी, पावती, हरवल्याची जाहिरात, चौकातल्या फ्लेक्सवरच्या शुभेच्छा, यांचे साचे त्यांना रस्त्यावर बघून आपोआप पाठ असतात. त्यात फक्त गंमत भरायची. (शेजारच्या बोक्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स झाला आहे. 'सोसायटीचे धडाडीचे नेतृत्व.' शुभेच्छुक, समस्त उंदीर मंडळ.)

दुपारी माझ्या मावसबहिणीचा फोन. तोच प्रश्न, परीक्षेचं काय करणार? सांगितलं, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थानातून चौदाव्या वर्षानंतर दहावीची परीक्षा देता येते, मराठी माध्यमातूनही. "पण निबंध लिहिता येईल का त्याला?" मी तिला तक्रार वहीतली वडी वाचून दाखवली. ती हसली, आणि लगेच म्हणाली, "हे ठीक आहे गं, पण निबंध?" विषय बदलला.

रविवार

पाऊस, सगळे घरात. चिठ्ठीचा खेळ काढला. कागदाची लांब पट्टी, पहिल्यानं 'कोण' लिहून घडी घालायची, दुसऱ्यानं 'कुठे', मग 'कुणाबरोबर', मग 'काय केलं', शेवटी 'लोक काय म्हणाले'. आम्ही लहानपणी सुट्टीत खेळायचो तोच. पॅरिसमधल्या कवी-चित्रकारांनी १९२५ च्या सुमारास असाच घडीचा खेळ मोठ्या गंभीरपणे कलाप्रकार म्हणून खेळला होता. आमच्याकडे 'म्हैस, पोस्टात, आजोबांबरोबर, मुंज लावला, लोक म्हणाले सुट्टे नाहीत' असं निघालं. म्हैस 'लावला' कशी म्हणेल यावर दोघं भांडले, आणि मग पट्टी उलगडल्यावर सगळ्या वाक्यातली क्रियापदं जुळवून परत लिहायची असा नवा नियम दादानंच काढला. म्हणजे व्याकरण. मी गप्प बसले.

पोस्टावरून आठवलं. उद्या पोस्टकार्डं आणायची आहेत, अजूनही पन्नास पैशांना मिळतात. माझ्या आईला गावी पत्र पाठवायचं दोघांनी कबूल केलंय, पण पिनकोडच्या मोहापायी. सहा आकड्यांतला पहिला ४ म्हणजे आपल्याकडचा विभाग, आणि ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासूनची, ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, जे संस्कृतात कविता आणि नाटकं लिहायचे, एवढं सांगितल्यावर दादा घरातल्या खोल्यांना पिनकोड देत बसला. देवघर ००००००१. एक शून्य जास्त आहे. सांगितलं नाही. पत्र परत आलं तर कळेल.

शुद्धलेखनावरून रात्री नवऱ्याशी थोडी खडाजंगी झाली. त्याचं म्हणणं, 'मीळावी' असंच चालू राहिलं तर हातात बसेल. म्हणणं खोटं नाही. पण तक्रारीवर तांबडं पेन फिरवलं तर तक्रारदार उद्या तोंडी तक्रार करेल आणि वही बंद पडेल. शेवटी असं ठरलं : भिंतीवर लागणारी पाटी आणि पोस्टात पडणारं पत्र शुद्धच हवं, त्यासाठी हवी तेवढी खाडाखोड. तक्रार वहीला कुणी हात लावायचा नाही. आजी उत्तरात तोच शब्द मुद्दाम बरोबर लिहितात, त्याचं लक्ष गेलं तर गेलं. आज तिसऱ्या तक्रारीत 'म्हणून' दीर्घ आलाय. नवऱ्याला दाखवला, तो म्हणाला योगायोग असेल.

झोपायच्या आधी वही चाळली तर नवी नोंद होती, या वेळी चिऊची, अडीच ओळींची, सगळी अक्षरं वेगवेगळ्या उंचीची. तिला वहीतलं पेन पोचत नाही, दोरी आखूड आहे. उद्या दोरी वाढवायला हवी. आणि दादानं खाली लिहून ठेवलंय की दिवाळीत खाटेखाली जादा गाड्या सोडाव्या लागतील, लग्नाला गर्दी होणार, तर भाडेवाढ करायची का ते व्यवस्थापकांनी लेखी कळवावं.